वर्गांतील राजकारण

विद्यार्थ्यांनीं राजकारणापासून दूर रहावें, हा उपदेश जुनाच आहे. १९०५ सालीं पुण्यांत परदेशी कापडाची होळी झाली, तेव्हां फर्ग्युसन कॉलेजचे प्रिन्सिपॉल रँग्लर परांजपे यांनीं विद्यार्थी सावरकरांस १० रुपये दंड करून वसतिगृहांतून काढलें. परांजपे मूळचे रत्नागिरी जिल्ह्यांतील मुर्डीचे. पुढें १९२४ पासून १९३७ पर्यंत सावरकर याच जिल्ह्यांत स्थानबद्ध होते आणि राजकारण त्यांना वर्ज्य होतें. तेथें त्यांनीं शाळांतून अस्पृश्य मानलेल्या मुलांना इतरांच्या सोबत बसविण्याचा आग्रह धरला. तोंवर ती निराळी बसण्याची जागाच मुलांना, न बोलतां, एक मत शिकवीत होती. म्हणून वर्गांत राजकारण नको म्हणणाऱ्यानें तेथें कोण कोठें बसतें, तें आधीं पाहावें.