जैवसंकेत-नोंदणीचा कालावधी : एक ऐतिहासिक आढावा

प्रास्ताविक : हृदय, मेंदू व स्नायू यांतून उमटणाऱ्या सूक्ष्म विद्युत्-संकेतांना जैवसंकेत म्हणतात. ते किती काळ नोंदवावेत, हे आज संगणकावरून सिरियल केबलद्वारे डेटा लॉगरला दिलेल्या एका आज्ञेने ठरते. मात्र त्या आज्ञेतील आकडा रुग्णाच्या गरजेपेक्षा यंत्राच्या मर्यादेनेच अधिक घडविला, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे.

ऐतिहासिक पार्श्वभूमी : विसाव्या शतकाच्या प्रारंभी आइन्थोव्हेन यांचे हृदयालेखन-यंत्र सुमारे २७० किलो वजनाचे होते. अमेरिकन संशोधक नॉर्मन होल्टर यांचा पाठीवर वाहण्याचा पहिला संच सुमारे ३८ किलोंचा होता. १९६१ मध्ये त्यांनी आपली सुधारित पद्धत ‘सायन्स’ नियतकालिकात मांडली. पुढे चुंबकीय फितीची लांबी व वेग यांवर कालावधी अवलंबून राहिला आणि २४ तासांचा प्रघात रूढ झाला.

अंकीय नोंदकात फितीची जागा स्मृतीने घेतली. सेकंदाला २५० नमुने आणि प्रत्येकी दोन बाइट, या हिशेबाने एका वाहिनीची २४ तासांची नोंद ४३.२ मेगाबाइट भरते. ९६०० बॉडच्या सिरियल जोडणीने ती उतरवून घेण्यास सुमारे साडेबारा तास लागतील. म्हणून आज्ञा केबलमधून आणि नोंद मेमरी कार्डावर, अशी विभागणी सोयीची ठरते. कालावधी सेकंदांत व दोन बाइटांत साठविल्यास कमाल आकडा ६५,५३५, म्हणजे १८ तास १२ मिनिटे १५ सेकंद इतकाच राहतो. २४ तासांचे ८६,४०० सेकंद त्यात मावत नाहीत.

स्थानिक संदर्भ : १९९७ मध्ये पिंपरी-चिंचवड महानगरपालिकेत समाविष्ट झालेले चिखली हे भोसरी व चाकण या औद्योगिक क्षेत्रांच्या दरम्यान वसले आहे. सीएनसी यंत्रांत प्रोग्रॅम भरण्यासाठी वापरली जाणारी आरएस-२३२ जोडणी अशा कारखानी परिसरास अपरिचित नाही. तथापि, ज्या कामगाराची पाळी दर आठवड्याला बदलते, त्याच्या २४ तासांच्या नोंदीत एकाच पाळीचे चित्र उमटते. रात्रपाळीतील हृदयाची अनियमितता त्यातून निसटू शकते.

या उणिवेचे गांभीर्य २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका कॅनेडियन अभ्यासातून स्पष्ट होते. कारण न उमगलेल्या पक्षाघाताच्या रुग्णांत अलिंदांची अनियमित थरथर २४ तासांच्या नोंदीत ३.२ टक्के, तर ३० दिवसांच्या नोंदीत १६.१ टक्के रुग्णांत आढळली. ही थरथर ओळखली गेली, तरच पुढील झटका टाळणारे योग्य औषध देता येते.

निष्कर्ष : २४ तास हा निसर्गनियम नसून फितीच्या युगाचा वारसा आहे. महाविद्यालयीन प्रकल्पांत कालावधीची आज्ञा लिहिताना आकड्याबरोबर त्यामागील कारणही नोंदविले जावे. अन्यथा ‘दोष आढळला नाही’ या निष्कर्षाचा खरा अर्थ ‘पुरेसा वेळ पाहिले नाही’ एवढाच राहील.