पाणी गोदावरीचे, नाव परदेशाचे

छत्रपती संभाजीनगरहून बीडकडे जाणारा महामार्ग शहागडजवळ गोदावरी ओलांडतो. अलीकडचा काठ जालना जिल्ह्याचा, पलीकडचा बीडचा. नदीच्या वरच्या अंगास पैठण आणि १९७६ साली पूर्ण झालेले जायकवाडीचे धरण. या धरणाचे पाणी शेतांना व गावांना मिळते, तसेच ते वाळूजच्या औद्योगिक वसाहतीलाही मिळते. तेथे या पाण्याची बिअर होते. १९९८ च्या सुमारास 'फॉस्टर्स' ही ऑस्ट्रेलियाची म्हणून ओळखली जाणारी बिअर तेथेच तयार होऊ लागली. बार्ली उत्तर भारतातली, हॉप्सची फुले परदेशातली. मराठवाड्याचे त्यात होते ते मुख्यतः पाणी. परंतु बाटलीत नव्वद टक्क्यांहून अधिक असते ते पाणीच! मग या पेयाला स्थानिक म्हणावे की परके? प्रश्न साधा आहे. त्याचे उत्तर मात्र जिभेपाशी नसून इतिहासापाशी आहे, असे आम्हांस वाटते.

गोदाकाठच्या माणसाला बिअर ठाऊक नव्हती तेव्हाही पेय ठाऊक होते. पहाटे शिंदीच्या झाडावरून उतरविलेला रस गोड नीरा असतो. ऊन चढेल तसा तो हवेतल्या किण्वाने आपोआप आंबतो आणि दुपारपर्यंत त्याची शिंदी होते. दुसऱ्या दिवशी ती पिण्याजोगी राहत नाही. त्यामुळे तिला ना दूरचा बाजार, ना बाटली, ना नाममुद्रा. डोंगराळ भागात मोहाची वाळविलेली फुले भिजवून, आंबवून त्यांचा अर्क काढीत.

बिअर आली ती छावण्यांच्या मागोमाग. जालन्याला कंपनीच्या काळापासून लष्करी छावणी होती. हिंदुस्थानातील गोऱ्या शिपायांसाठी आणि अंमलदारांसाठी इंग्लंडहून गलबतांतून पिंपे येत. लंडनजवळच्या बो येथील हॉजसनच्या कारखान्याने हा व्यापार प्रथम काबीज केला. १८२० नंतर बर्टन गावचे ऑलसॉप त्यात उतरले. लांबच्या प्रवासात टिकावी म्हणून या बिअरमध्ये हॉप्स अधिक घालीत. पुढे कसौलीसारख्या थंड जागी हिंदुस्थानातच कारखाने निघाले. म्हणजे आयात आणि स्थानिक यांची स्पर्धा बिअरपुरती त्याही काळी होतीच.

परंतु खरी लढाई वेगळीच होती. मुंबई सरकारने १८७८ साली आबकारी कायदा केला. परवान्याशिवाय दारू गाळणे व ताडीची झाडे छेदणे गुन्हा ठरले, करही वाढले. ठाणे व कुलाबा जिल्ह्यांतील भंडाऱ्यांनी त्याविरुद्ध गाऱ्हाणी मांडली. वसई तेव्हा ठाणे जिल्ह्यातच होती. १८९२ साली याच दोन जिल्ह्यांसाठी मोहाच्या फुलांचा स्वतंत्र कायदा आला. झाडाखाली पडलेले फूल वेचून घरी साठविण्यावरही सरकारची नजर आली! शहागड निजामाच्या राज्यात असल्याने हे कायदे तेथे लागू नव्हते. परंतु तेथेही आबकारी हे महसुलाचे मोठे साधन होते आणि दारूचा धंदा मक्त्यांच्या चौकटीत बांधलेला होता.

या व्यवस्थेतून दोन शब्द रूढ झाले: 'देशी' आणि 'विदेशी'. वरवर पाहता ते भूगोलाचे शब्द. प्रत्यक्षात ते प्रतिष्ठेचे झाले. आपल्याच कारखान्यांत तयार होणाऱ्या व्हिस्की-रमला आजही 'भारतीय बनावटीचे विदेशी मद्य' म्हणतात. वाळूजची बिअरही 'देशी दारू'च्या रांगेत बसत नाही. आणि झाडावरून उतरलेली शिंदी मात्र कमीपणाची ठरते.

युरोपातील मठांची परंपरा येथे आठवते. नवव्या शतकातील सेंट गॅलन मठाच्या आराखड्यात बिअर गाळण्याच्या जागा दाखविलेल्या आहेत. बाराव्या शतकात संत हिल्डेगार्ड यांनी हॉप्सच्या टिकाऊ गुणाची नोंद केली. आजही मठाच्या आवारात, मठवासीयांच्या देखरेखीखाली झालेल्या बिअरलाच 'ट्रॅपिस्ट' हा अधिकृत शिक्का मिळतो. तेथे नाव जागेला बांधलेले आहे. आमच्याकडे जागा एक आणि नाव दुसरेच.

याचा प्रत्यय २०१६ च्या दुष्काळात आला. जायकवाडीचा उपयुक्त साठा संपला होता, लातूरला रेल्वेने पाणी न्यावे लागत होते. तेव्हा मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने मद्य कारखान्यांच्या पाण्यात निम्म्याहून अधिक कपात करण्याचा आदेश दिला. एरवी परदेशी नावाने मिरविणारी बाटली त्या उन्हाळ्यात एकाएकी अगदी स्थानिक झाली. तिचे पाणी कोणाच्या वाट्याचे, हे साऱ्यांना दिसले.

हातभट्टीचा गौरव करण्याचा आमचा हेतू नाही. २०१५ साली मुंबईच्या मालवणीत विषारी दारूने शंभरावर माणसे दगावली, आणि बाटली आडवी करण्यासाठी गावोगावच्या स्त्रियांनी मतदान केले, ते उगाच नव्हे. परंतु व्यसनाचा धिक्कार करताना आपल्या मातीच्या ज्ञानाचाही धिक्कार करण्याचे कारण नाही. गोव्याच्या काजू फेणीला २००९ साली भौगोलिक मानांकन मिळाले; तेथे गावाचे पेय गावाच्याच नावाने मानास चढले.

आणि महाराष्ट्रात? २०२२ साली राज्य मंत्रिमंडळाने मोहफुले व काजूबोंडे यांच्या मद्याला उत्तेजन देण्याचे ठरविले. निर्णय स्वागतार्ह, पण त्याची रीत पाहा. त्या मद्याला 'देशी'ऐवजी 'विदेशी' मद्याचा दर्जा देण्यात आला! ज्या फुलासाठी १८९२ साली कायदा करावा लागला, त्या फुलाला मान मिळण्यासाठी परदेशी व्हावे लागले. शहागडच्या पुलाखालून वाहणाऱ्या गोदावरीला मात्र देशी-विदेशी असा भेद ठाऊक नाही. तो आमच्या मनात आहे, आणि काढावयाचा तो तेथूनच.