शिलाहारांचा शेवट समुद्रात

आजच्या वसई-विरारमधील सोपारा बंदर शिलाहारांच्या उत्तर कोकणात मोडे, राजधानी ठाणे. सुमारे साडेचार शतकांची ही सत्ता १२६५च्या सुमारास संपली.

देवगिरीच्या महादेव यादवाची भिस्त हत्तींवर. जमिनीवर हरलेला सोमेश्वर शिलाहार जहाजांच्या आश्रयाला गेला. यादवांनी त्याला समुद्रातही गाठले, तो बुडाला. महादेवाच्या क्रोधाग्नीपेक्षा त्याला वडवानल सुसह्य वाटला, असे हेमाद्री सांगतो. अर्थात हेमाद्री महादेवाचाच मंत्री!

बोरिवलीजवळच्या एकसर येथील वीरगळांवर वल्ह्यांच्या युद्धनौका कोरलेल्या आहेत. काही अभ्यासक त्या शिल्पांचा संबंध याच संग्रामाशी जोडतात, काहींना तो मान्य नाही.

१२७२च्या ठाणे ताम्रपटात कोकणचा अधिकारी म्हणून नाव येते अच्युत नायकाचे. तो यादवांचा.