दोरीचे वजन आणि काठीचा वाक

गळ टाकून बसणे हा रिकामपणाचा धंदा, अशी आपल्याकडे सर्वसाधारण समजूत आहे. पण या रिकामपणाच्या धंद्यातही एक प्रश्न असा निघाला, की तो सोडवण्यात माणसांच्या दोन-तीन पिढ्या खर्ची पडल्या. आणि सुटला म्हणेपर्यंत तो पुन्हा अडून बसला. प्रश्न एवढाच : कोणत्या काठीला कोणती दोरी लावावी?

प्रश्न क्षुल्लक वाटतो, तो आपल्या गळाची रीत निराळी म्हणून. आपल्या गळात शिशाचा तुकडा पुढे जातो आणि दोरी त्याच्यामागून ओढली जाते. खाडीतला कोळी पाग फेकतो, तेथेही काठाला ओवलेले शिसेच जाळे पसरवते. परंतु विलायतेत आणि अमेरिकेत ‘माशी’ने मासा धरण्याची जी विद्या आहे, तिच्यात हे वजनच नाही. पिसे, केस आणि धागा आकड्याला बांधून केलेले ते खोटे भक्ष्य. ते फेकू म्हटले तर पायाशी पडेल. म्हणून तेथे माशी फेकत नाहीत, दोरी फेकतात, आणि माशी तिच्यामागून निमूटपणे जाते. काठी हे धनुष्य. दोरीच्या वजनाने ती वाकते आणि सरळ होताना दोरीला पुढे लोटते. दोरी हलकी असेल तर काठी वाकतच नाही; जड असेल तर बिचारी वाकलेली वर येत नाही. सारे मर्म या जोडीत आहे.

लहान नदीत, लहान माशीला, ही जोडी थोडी चुकली तरी चालते. चूक उघडी पडली ती समुद्रकाठी, पट्टेरी बास नावाच्या माशापुढे.

हा अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्याचा मासा. अंग रुपेरी, त्यावर सात-आठ काळ्या रेघा. राहतो समुद्रात आणि अंडी घालायला, आपल्या पाल्यासारखा, नदीत चढतो. तेथे वसाहत करणाऱ्या इंग्रजांना तो इतका मुबलक मिळे की ते त्याचे शेतात खत करीत. १६३९ साली मॅसॅच्युसेट्समध्ये तसे करण्यास कायद्याने बंदी करावी लागली. पुढे १८७९ साली न्यू जर्सीच्या नद्यांतील सव्वाशेच्या वर लहान मासे आगगाडीने खंड ओलांडून सॅन फ्रान्सिस्कोच्या उपसागरात सोडले गेले, १८८२ साली आणखी तीनशेच्या आसपास. १८९९ पर्यंत तेथे वर्षाला बारा लाख पौंडांहून अधिक बास जाळ्यात सापडू लागला. अशा रीतीने दोन्ही किनाऱ्यांना एकच मासा मिळाला आणि एकच अडचण.

अडचण अशी, की हा मासा स्वतः मासेखाऊ. त्याला चिलटाएवढी माशी दाखवून भागत नाही. वीतभर लांब, केसाळ, माशाच्या आकाराचे काहीतरी हवे. अशी माशी वजनाने अजूनही हलकीच, पण वाऱ्याला मात्र शिडासारखी अडते. तिला ओढून न्यायला दोरीच्या अंगी जोर हवा. तो किती, हे सांगणारे माप मात्र त्या काळी कोणाजवळ नव्हते.

माप नव्हते असे नव्हे. होते, पण भलत्याच गोष्टीचे. काठ्या तेव्हा बांबूच्या कामट्या तासून, चिकटवून करीत. (आरंभी हा बांबू हिंदुस्थानातून जाई आणि ‘कलकत्ता’ या नावानेच ओळखला जाई; चीनच्या टोंकिन बांबूने त्याला मागाहून हटवले.) दोऱ्या रेशमाच्या, विणून तेलात मुरवलेल्या. त्यांची प्रतवारी जाडीवरून होई. ‘ए’ म्हणजे इंचाच्या ६० सहस्रांश, ‘बी’ म्हणजे ५५, अशी ‘एच’पर्यंत दर अक्षराला पाच सहस्रांशाची उतरंड. दोन्ही टोकांना निमुळती दोरी ‘एचडीएच’. पुढे जड, मागे बारीक असलेली ‘जीएएफ’. सगळ्यांची दोरी रेशमाची होती तोवर हा कारभार ठीक चालला, कारण एकाच जिनसाची जाडी सारखी तर वजनही जवळपास सारखेच.

मग १९३८ साली नायलॉन जाहीर झाले. युद्ध पेटले आणि जपानी रेशीम बंद पडले. नायलॉन रेशमाहून हलके. दुकानातून ‘एचडीएच’ आणावी, अक्षरे तीच, जाडी तीच, पण काठी काही वाकेना! पाठोपाठ दोऱ्यांवर प्लॅस्टिकचा लेप आला आणि काठ्या बांबूच्याऐवजी काचतंतूच्या झाल्या. अक्षरे मुकाट्याने जागच्या जागी राहिली आणि त्यांचा अर्थ मात्र निघून गेला. आपला हात बिघडला असे समजून किती जणांनी स्वतःला दोष दिला असेल, कोण जाणे.

त्याच वर्षांत लोक मोठ्या माशीकडे वळत होते, हा योगायोग मोठा मौजेचा. चेसापीक उपसागरावर टॉम लव्हिंग यांनी १९२०च्या दशकातच बाससाठी माशा बांधल्या होत्या. १९४८ साली ऑरेगॉनमधील कूस बे येथे जो ब्रुक्स यांनी २९ पौंड ६ औंसांचा बास माशीवर धरला, तेव्हा हा केवळ हौशी खेळ नव्हे असे लोकांना पटले. दहाएक वर्षांनी लेफ्टी क्रे यांनी चेसापीकवरच आपली ‘डिसीव्हर’ माशी सिद्ध केली. लांब पिसे त्यांनी आकड्याच्या मागच्या बाजूस बांधली, म्हणजे ती फेकताना आकड्याभोवती गुरफटत नाहीत आणि पाण्याबाहेर येताच माशी मिटून सडपातळ होते. अडचण दोरीकडून सुटेना, तेव्हा त्यांनी ती माशीकडून हलकी केली!

दोरीकडचा मार्ग दाखवला तो फेकण्याच्या शर्यतींतील पटूंनी. सॅन फ्रान्सिस्कोच्या मंडळींनी पुढे तीसएक फुटांचा जड तुकडा आणि मागे नायलॉनची बारीक तार अशी दोरी वापरात आणली. जड भाग काठीला वाकवतो आणि सुटला की तारेला ओढत नेतो. याच उपसागरात १९६६ साली रसेल चॅटम यांनी ३६ पौंड ६ औंसांचा बास माशीवर धरला.

तोपर्यंत मापाचाही निकाल लागला होता. कॅलिफोर्नियाचे मायरन ग्रेगरी यांच्यासारख्या जाणत्यांच्या खटपटीने अमेरिकेतील मत्स्यसाधने करणाऱ्यांच्या संघटनेने १९६१ साली अक्षरे बाद केली. दोरीचे पहिले ३० फूट तोलायचे, आणि जे वजन भरेल त्यावरून क्रमांक द्यायचा. क्रमांक ८ म्हणजे २१० ग्रेन, ९ म्हणजे २४०, १० म्हणजे २८०. इंग्रजांनी आपला तोळा १८० ग्रेनांचा ठरवला होता. त्या हिशेबाने मोठ्या माशीला लागणारी नऊ-दहा क्रमांकाची दोरी सव्वा ते दीड तोळ्याहून थोडी अधिक भरते. एवढ्याशा वजनावर वाऱ्याशी झुंज घ्यायची! जाडी सोडून वजन धरले, म्हणजे जे काम करते तेच मोजले. मग दोरी रेशमाची असो, तरंगती असो वा बुडती असो, काठीला फरक पडत नाही.

येथे गोष्ट संपायला हवी होती. पण तराजूत बसली ती फक्त दोरी. काठीवरचा क्रमांक हे कारखानदाराचे मत राहिले. १९७०च्या दशकात कार्बनतंतूच्या काठ्या आल्या आणि त्या उत्तरोत्तर ताठर होत गेल्या. नऊ क्रमांकाची काठी नऊच्या दोरीने वाकेना. तेव्हा काठीचा आकडा दुरुस्त करण्याऐवजी कित्येक कारखान्यांनी दोऱ्याच जड केल्या आणि वर जुनाच आकडा ठेवला. या शतकाच्या आरंभी विल्यम हॅनमन यांनी यावर सोपी युक्ती काढली. काठी आडवी धरायची आणि तिचे टोक काठीच्या लांबीच्या एकतृतीयांश खाली येईपर्यंत त्याला एक-एक सेंटची नाणी टांगायची. नाण्यांचे वजन म्हणजे काठीचे बळ. प्रयोगशाळा नको, कारखानदाराची साक्ष नको. पण व्यापाराने ती रीत स्वीकारली नाही.

आज म्हणूनच मोठ्या माशीचा शहाणा शिकारी डब्यावरचा आकडा वाचून थांबत नाही. आतल्या दोरीचे ग्रेन किती ते विचारतो. ‘ए’, ‘बी’, ‘सी’ने त्याच्या आजोबाला जसे फसवले, तसे आकड्यांनी त्याला फसवू नये, एवढीच त्याची इच्छा. माप एकदा ठरले की ते कायम खरे राहते, असे आपण धरून चालतो. वस्तुतः त्याला राखणदार लागतो. आणि तो नसला, की माप जागेवर राहते आणि आतला माल बदलतो. हे पारखायला घरचा तराजू पुरेसा आहे.