पाकाळणी आणि मोरीची फरशी

चैत्री पौर्णिमेची यात्रा उलगली की जोतिबाच्या, म्हणजे वाडी रत्नागिरीच्या डोंगरावर पायाखालचे काहीच मूळ रंगाचे उरत नाही. सासनकाठ्या नाचून गेलेल्या असतात, गुलाल-खोबऱ्याची उधळण झालेली असते आणि पायऱ्यांपासून देवळाच्या आवारापर्यंत काळा दगड गुलाबी झालेला असतो. मग येते पाकाळणी. या शब्दाचे नाते प्रक्षालनाशी आहे. पंढरपुरात आषाढीनंतर प्रक्षाळपूजा होते, तिचा भाव हाच. दगड धुतला जातो आणि पुढच्या वर्षाच्या गुलालाला मोकळा होतो. घरातल्या न्हाणीघराची फरशी कळाहीन दिसू लागली की आपण मात्र थेट टाइल्सच्या दुकानाची पायरी चढतो आणि मग तिथला आकडा ऐकून ‘स्वस्तात काय होईल’ असे विचारतो. हा प्रश्न दुकानात सुटण्यासारखा नाही. फरशीचा किती जाड थर पुन्हा ताजा करता येतो, यावर ती खऱ्या अर्थाने किती स्वस्त हे ठरते. आपल्याकडच्या फरशीचा इतिहास पाहिला, तर हा थर पिढ्यान्‌पिढ्या पातळ होत गेलेला दिसतो.

जोतिबाचे आजचे देऊळ राणोजी शिंद्यांनी 1730 मध्ये बांधले आणि शेजारचे केदारेश्वराचे देऊळ दौलतराव शिंद्यांनी 1808 मध्ये. दोन्ही काळ्या बेसॉल्टची. या दगडाला वरचा वेगळा मुलामा नसतो. तो पृष्ठभागापासून गाभ्यापर्यंत एकच असतो. झिजून गुळगुळीत झाला तर पाथरवट पुन्हा टाकी लावतो, जशी पाट्या-वरवंट्याला लावतात तशीच. कोल्हापूर-मिरज रेल्वे 1891 मध्ये सुरू झाली आणि लांबचा दगड आणणे सोपे झाले. मराठी घरांच्या मोऱ्यांत जी शहाबादी फरशी रुळली, ती कलबुर्गीकडच्या चुनखडीची. बेसॉल्टपेक्षा मऊ आणि जाडीने कमी असली, तरी घासली की तिचाही नवा चेहरा वर येतो. 1922 मध्ये भारत फ्लोअरिंग्ज या स्वदेशी कंपनीने सिमेंटच्या रंगीत लाद्या सुरू केल्या. तिथे रंगाचा थर काही मिलिमीटरवर आला. मोझॅकचेही तसेच: वर संगमरवराचे तुकडे घातलेला थर, खाली साधे सिमेंट. तरीही मशीनने घासून पॉलिश करण्याइतका ऐवज त्यात होता. त्यानंतर चकाकीच्या सिरॅमिक टाइल्स आल्या आणि हिशेब संपला. त्यांची काच एक मिलिमीटरहूनही कमी. ती गेली की खालची माती उघडी पडते, आणि जगातला कोणताही कारागीर ती घासून परत आणू शकत नाही. फरशी ‘जुनी दिसते’ ही तक्रार अशा टाइलच्या बाबतीत जितक्या लवकर सुरू होते, तितक्या लवकर दगडाच्या बाबतीत होत नाही, ती यामुळेच.

यावर पहिला आक्षेप उघड आहे. शिंद्यांच्या देवळाची तुलना दोन खोल्यांच्या घरातल्या मोरीशी कशी करायची? सरदाराच्या पैशाने घडवलेला दगड स्वस्त कसा म्हणायचा? आक्षेप रास्त आहे, पण गरिबाच्या घराकडे पाहिले तर मुद्दा आणखी पक्का होतो. तिथली जमीन शेणाने सारवलेली असे. सारवण म्हणजे ठरावीक दिवसांनी, जवळजवळ फुकट केलेले नूतनीकरण. पाणी जिथे सांडते तिथे मात्र सारवण टिकत नाही, म्हणून मोरीपुरता एखादा दगड बसवला जाई आणि कडेच्या दर्जा, म्हणजे सांधे, चुन्याने भरल्या जात. खर्च जिथे टाळता येत नव्हता तेवढ्याच जागी केलेला. आजही कळाहीन वाटणाऱ्या फरशीत बहुतेकदा खराब झालेली असते ती दर्ज, टाइल नव्हे. काळा पडलेला सांधा खरवडून नव्याने भरला, तर टाइल तीच राहूनही न्हाणीघर वेगळे दिसते, आणि याला फरशीच्या खर्चाचा लहानसा अंश लागतो. इथे घाई घात करते ती ॲसिडच्या बाटलीमुळे. बेसॉल्टला त्याने फारसे होत नाही, पण शहाबादी, सिमेंट आणि मोझॅक यांत चुना असतो; ॲसिड तो खाते, पृष्ठभाग खडबडीत होतो आणि मळ आधीपेक्षा जोमाने बसतो.

दुसरी सूचना हल्ली सर्रास ऐकू येते: जुन्यावरच नवी टाइल चिकटवा, तोडफोड नको, राडारोडा नको. ऐकायला शहाणपणाची वाटते. पण जमीन बोटभर उंच होते, दार अडकते, पाण्याचा उतार बदलतो आणि खालची गळती नजरेआड जाते. देवळांनीही हा मोह करून पाहिला आहे. 2024 मध्ये पंढरपूरच्या विठ्ठल मंदिराच्या संवर्धनात नंतरच्या काळात बसवलेला ग्रॅनाइट काढण्यात आला, कारण मूळचा दगड खाली होता आणि तो पुन्हा दिसायला हवा होता. वर चढवलेला चकाकता थर उतरवण्याचा खर्च शेवटी कुणाला तरी करावाच लागतो. घरात तो पुढच्या पिढीच्या नावावर पडतो, इतकेच.

आता एक गोष्ट मान्य केली पाहिजे. वरच्या मजल्यावरच्या न्हाणीघरातून खालच्या छताला ओल येत असेल, तर नुसत्या दर्जा भरून किंवा एपॉक्सीचा रंग देऊन भागत नाही. तिथे फरशी उखडून जलरोधक थर घालावाच लागतो, आणि पैसे वाचवायचे तर ते टाइलच्या नक्षीत वाचवावेत, त्या थरात नव्हे. घसरण्याची भीतीही खोटी नाही. वृद्ध माणूस असलेल्या घरात भिंतीसाठीची गुळगुळीत टाइल खाली वापरणे अक्षम्यच. पण टाकीच्या घावांनी खरखरीत ठेवलेल्या दगडावर पाय धरतो, आणि जोतिबाच्या आवारात पाकाळणीच्या पाण्यानंतर गुलालाची शेवटची छटा रेंगाळते तीही त्या घावांतच.