सोलर बसवलं तरी लाईट जातेच? पापडीतल्या घराला बॅटरी बॅकअप हवा असेल तर आधी हे गणित बघा

वसई रोड स्टेशनला उतरून पश्चिमेला वसई गावाच्या दिशेने निघालं की वाटेत पापडी लागतं. तलाव, चर्च, बाजार, आणि मुख्य रस्ता सोडून आत वळलं की नारळी-केळीच्या वाड्या, विहिरी आणि बैठी किंवा दुमजली घरं. मुंबईच्या इतक्या जवळ राहून डोक्यावरचं छत स्वतःच्या मालकीचं असणारी माणसं आता फार कमी ठिकाणी उरली आहेत. सोलर बसवायला हीच पहिली अट असते, स्वतःचं छत.

दुसरं कारण म्हणजे पावसाळा. जुलै २०१८ मध्ये वसई-नालासोपारा भाग पाण्याखाली गेला, तेव्हा महावितरणला खबरदारी म्हणून मोठ्या भागाचा वीजपुरवठा बंद ठेवावा लागला होता. १७ मे २०२१ ला तौक्ते चक्रीवादळ किनाऱ्याजवळून गेलं, झाडं पडली, खांब आडवे झाले, आणि अनेक घरांत लाईट यायला एक दिवसाहून जास्त वेळ लागला. त्यामुळे इथे कुणी सोलरची चौकशी केली की बिलाच्या पाठोपाठ दुसरा प्रश्न हमखास येतो, "म्हणजे आता लाईट जायचं टेन्शन गेलं ना?"

उत्तर आहे, नाही.

सरकारी अनुदान घेऊन घरांवर जी सोलर यंत्रणा बसते, ती बहुतेक वेळा 'ऑनग्रिड' असते. म्हणजे ती महावितरणच्या लाईनला जोडलेली असते आणि त्या लाईनवरच अवलंबून असते. लाईट गेली की ती बंद. बाहेर कडक ऊन असो, छतावर लाख-दीड लाखाची पॅनेल असोत, घरात पंखा फिरत नाही.

१२ ऑक्टोबर २०२० हा दिवस आठवतोय? सोमवारी सकाळी दहाच्या सुमारास मुंबई, ठाणे, नवी मुंबईची वीज एकदम गेली, लोकल जागच्या जागी थांबल्या. भर दिवसाची वेळ होती. त्या दिवशी या भागातली ऑनग्रिड यंत्रणा बॅटरीशिवाय घराला एक दिवासुद्धा देऊ शकत नव्हती.

उन्हात असूनही पॅनेल बंद का पडतात?

यात बिघाड काही नाही, यंत्रणा मुद्दाम तशी बनवलेली असते. समजा लाईट गेली आणि वायरमन पापडीतल्या एखाद्या खांबावर चढून तार जोडतोय. त्याच्या हिशेबाने लाईन मेलेली आहे. अशा वेळी शेजारच्या छतावरून वीज त्या तारेत गेली तर त्याच्या जिवावर बेतेल. म्हणून ग्रिडचा पुरवठा थांबल्याचं कळताच इन्व्हर्टरने स्वतःला बंद करून घ्यायचं, हा नियम आहे. दुसरं कारण तांत्रिक आहे. साध्या ऑनग्रिड इन्व्हर्टरला व्होल्टेज आणि फ्रिक्वेन्सीचा ताल ग्रिडकडून मिळतो. तो ताल धरून ठेवणारं कुणी नसेल तर त्याला एकट्याने घर चालवता येत नाही.

लाईट गेल्यावरही घर चालू राहायला हवं असेल तर दोन गोष्टी लागतात, हायब्रीड इन्व्हर्टर आणि बॅटरी. ग्रिड गेल्याबरोबर हायब्रीड इन्व्हर्टर घराला बाहेरच्या लाईनपासून तोडतो आणि घरापुरता वेगळा पुरवठा सुरू करतो. महाराष्ट्र वीज नियामक आयोगाच्या २०१९ च्या रूफटॉप नियमावलीत बॅटरी लावायला परवानगी आहे, मात्र ग्रिड बंद असताना त्या बॅटरीतली वीज बाहेर जाता कामा नये, अशी अट आहे.

बॅटरीने बिल कमी होतं का?

इथे अनेकांची फसगत होते. विक्रेता सांगतो, दिवसाची वीज बॅटरीत साठवा, रात्री वापरा, बिल शून्य. ऐकायला छान वाटतं, पण घरात नेट मीटर असेल तर तेच काम बॅटरीशिवायही होतं. दिवसा जास्तीची वीज महावितरणकडे जाते, रात्री तेवढीच परत घेतली तर हिशेबात वजा होते. एखाद्या महिन्यात युनिट उरले तर पुढच्या महिन्यात जमा होतात. ३१ मार्चला वर्षाचा हिशेब होतो आणि तरीही उरलेल्या युनिटचे पैसे आयोगाने ठरवलेल्या दराने मिळतात. थोडक्यात, नेट मीटर ही मोठीच्या मोठी आणि कधी खराब न होणारी बॅटरी आहे. तिची एकच अडचण, लाईट गेली की ती वापरता येत नाही.

म्हणून खर्चाचे दोन भाग वेगवेगळे धरावेत. पॅनेलचा पैसा बिलातून वसूल होतो. बॅटरीचा पैसा म्हणजे अंधारात न बसण्याची किंमत, तो बिलातून वसूल होईल ही आशा धरू नये.

पॅनेलचं गणित सोपं आहे. १ किलोवॅटला साधारण १०० चौरस फूट मोकळी जागा लागते आणि वर्षभराची सरासरी धरली तर दिवसाला ४ युनिट वीज मिळते. म्हणजे ३ किलोवॅटला ३०० चौरस फूट आणि महिन्याला ३०० ते ३६० युनिट. महावितरणच्या घरगुती दरात पहिली १०० युनिट स्वस्त असतात, १०१ ते ३०० च्या टप्प्यात मात्र वहन आकार आणि वीज शुल्क धरून एक युनिट १० रुपयांच्या वर जातं. त्यामुळे महिन्याला २५०-३०० युनिट जाळणाऱ्या घराला सोलर पटकन परवडतं. ८० युनिटवर भागणाऱ्या घराने मात्र ३ किलोवॅटच्या मागे लागायचं कारण नाही. आणि बिल पूर्ण शून्य होत नाही, स्थिर आकार द्यावाच लागतो.

फेब्रुवारी २०२४ मध्ये आलेल्या पीएम सूर्यघर योजनेत पहिल्या २ किलोवॅटसाठी किलोवॅटला ३० हजार आणि तिसऱ्यासाठी १८ हजार असं अनुदान आहे. म्हणजे ३ किलोवॅटला ७८ हजार, आणि त्यापुढे कितीही मोठी यंत्रणा लावली तरी ७८ हजारच. हे आकडे ठरवताना सरकारने ३ किलोवॅटचा खर्च १ लाख ४५ हजार धरला होता, प्रत्यक्षात कोटेशन बऱ्याचदा त्याहून जास्त येतं. २२ सप्टेंबर २०२५ पासून सोलर पॅनेलवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला आहे. त्याआधीचं कोटेशन हातात असेल तर नवीन मागून घ्यावं.

हे अनुदान पॅनेलच्या क्षमतेवर मोजलं जातं. बॅटरीसाठी वेगळा रुपयाही मिळत नाही. "बॅटरीवर पण सबसिडी बसवून देतो" असं कुणी म्हणालं तर त्याच्याकडून ते लेखी घ्यावं, विषय तिथेच संपतो.

मग बॅटरी किती मोठी घ्यायची?

आधी लाईट गेल्यावर नेमकं काय चालू राहायला हवं, ते ठरवायचं. समजा पापडीतल्या एका घरात चार पंखे, सहा एलईडी दिवे, वायफाय, टीव्ही आणि फ्रीज एवढंच हवं आहे. साधा पंखा ७५ वॉट खातो, नवीन बीएलडीसी पंखा ३० च्या आसपास. दिवे मिळून ५०-५५ वॉट, वायफाय १०, टीव्ही ८०. फ्रीज थांबून थांबून चालतो, दिवसाला एक युनिट धरलं तर सरासरी ४०-४५ वॉट. बीएलडीसी पंखे असतील तर सगळं मिळून ३०० वॉट, जुने पंखे असतील तर ५०० च्या जवळ.

लिथियम फॉस्फेटची ५ किलोवॅट-अवर म्हणजे ५ युनिटची बॅटरी आता सर्रास मिळते. ती पूर्ण रिकामी करायची नसते, आणि थोडी वीज इन्व्हर्टर स्वतः खातो. हातात येतात साधारण ४ युनिट. ३०० वॉटचं घर त्यावर १३ तास चालतं, ५०० वॉटचं फक्त ८ तास. म्हणजे दुसरी बॅटरी घेण्याआधी चार पंखे बदलणं कितीतरी स्वस्त पडतं. ही गोष्ट विक्रेता आपणहून सांगेलच असं नाही.

याच हिशेबात दीड टनाचा एसी घातला की तो एकटाच तासाला सव्वा ते दीड युनिट घेतो आणि तीन तासांत बॅटरी गार. गिझर, इंडक्शन, इस्त्री यांना बॅकअपच्या यादीतून सरळ काढावं.

विहिरीच्या पंपाचा मुद्दा वसईत महत्त्वाचा आहे. १ एचपीचा पंप चालताना ७५० वॉटच्या पुढे घेतो, पण सुरू होताना काही क्षण त्याच्या कित्येक पट करंट खेचतो. इन्व्हर्टर लहान असेल तर तो तिथेच ट्रिप होतो. अर्धा तास पंप चालवला तर वीज अर्धा युनिटसुद्धा जात नाही, म्हणजे बॅटरीला ते झेपतं, प्रश्न इन्व्हर्टरच्या ताकदीचा असतो. पंप बॅकअपवर हवा असेल तर कोटेशन मागतानाच सांगावं. थ्री-फेज पंप असेल तर खर्च आणखी चढतो. त्यापेक्षा टाकी भरून ठेवणं बरं.

घरात आधीपासून साधा इन्व्हर्टर असेल तर?

खरं तर बऱ्याच घरांसाठी हाच सगळ्यात शहाणा मार्ग आहे. अनुदान घेऊन ऑनग्रिड सोलर बसवायचं आणि जुना इन्व्हर्टर-बॅटरी आहे तसा ठेवायचा. दोघांची वायर एकमेकांत मिसळायची नाही. साध्या घरगुती इन्व्हर्टरच्या आउटपुटला सोलर जोडायचा 'जुगाड' कुणी सुचवला तर करू नये, त्यात यंत्रं जळतात. १५० एएचच्या ट्यूबलर बॅटरीत १.८ युनिट मावतात, त्यातली निम्मी वापरावीत. म्हणजे वरचं ३०० वॉटचं घर अडीच तास निघतं. रोजची लाईट तास-दोन तास जात असेल तर एवढं पुरतं, आणि हायब्रीडचा सगळा वाढीव खर्च वाचतो.

हायब्रीड कामाला येतं ते तौक्तेसारख्या दिवशी. साधा इन्व्हर्टर अडीच तासांनी संपला की संपला, त्याला परत चार्ज करायला लाईटच लागते. हायब्रीडची बॅटरी मात्र सकाळी पॅनेलवरून पुन्हा भरते. घरात ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर लावलेलं आजारी माणूस असेल, फ्रीजमध्ये इन्सुलिन असेल, कुणाचं काम घरूनच चालत असेल, तर हा फरक लाखमोलाचा आहे. हायब्रीड इन्व्हर्टर साध्यापेक्षा बराच महाग असतो आणि ५ युनिटची लिथियम बॅटरी लाखाच्या आसपास किंवा वर जाते. आता हायब्रीड इन्व्हर्टर घेऊन बॅटरी नंतर लावायचा पर्यायही असतो, पण बहुतेक मॉडेल बॅटरीशिवाय बॅकअप देत नाहीत, हे विचारून घ्यावं.

पावसाळ्याचं वास्तवही लक्षात ठेवायला हवं. जुलैत पॅनेलची वीज निम्म्यावर येते आणि अंधारून आलेल्या दिवशी त्याहूनही खाली. ३ किलोवॅटवर एरवी १२ युनिट मिळतात, अशा दिवशी तीन-चार मिळाली तरी नशीब. ३०० वॉटच्या घराला २४ तासांत ७ युनिट लागतात. म्हणजे टीव्ही बंद, एका खोलीत सगळे, दोनच पंखे, असं केलं तरच दिवस निघतो.

बसवताना वसईत काय बघायचं?

पहिलं म्हणजे पाणी. बॅटरी आणि इन्व्हर्टर तळमजल्यावर जिन्याखाली ठेवायची सवय असते. २०१८ ला तुमच्या घरात पाणी कुठपर्यंत आलं होतं, ती खूण आठवा आणि यंत्रं त्याच्या बरीच वर, भिंतीवर किंवा पहिल्या मजल्यावर लावा. ज्या पुरासाठी बॅटरी घेतली, तिलाच पुराने बुडवलं तर काय उपयोग! जागा हवेशीर हवी, पत्र्याच्या तापणाऱ्या शेडखाली बॅटरीचं आयुष्य घटतं.

दुसरा वारा. गच्चीवर गळती थांबवायला बांधलेल्या पत्र्याच्या शेडवरच पॅनेल टाकायचा मोह होतो. ती शेड पाऊस अडवायला बांधलेली असते, वादळात पॅनेल धरून ठेवायला नाही. आधी तिची ताकद जाणकाराकडून तपासून घ्यावी. समुद्र जवळ आहे, खारी हवा लोखंड खाते, त्यामुळे सांगाडा हॉट डिप गॅल्व्हनाइज्ड आणि नटबोल्ट स्टेनलेस स्टीलचे हवेत.

तिसरी सावली. पॅनेल दक्षिणेकडे तोंड करून १५ ते २० अंशांच्या उतारावर लावतात. पण साध्या जोडणीत सगळी पॅनेल एका माळेत असतात आणि एकावर नारळाच्या झावळीची सावली पडली तरी बाकीच्यांवर परिणाम होतो. डिसेंबरात सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो, तेव्हा सावल्या लांबतात. मे महिन्यात बघितलेली मोकळी गच्ची डिसेंबरात तशी राहत नाही. शेजारच्या प्लॉटवर टॉवर येणार असेल तर तेही धरा.

वायरिंगमध्ये बॅकअपवरची उपकरणं वेगळ्या सर्किटवर घ्यावी लागतात. जुन्या घरात हे काम दोन-तीन दिवस खातं आणि कोटेशनमध्ये बऱ्याचदा धरलेलं नसतं. अर्थिंग आणि वीजरोधक मात्र टाळू नका.

कागदपत्रांत अडतं कुठे?

अर्ज पीएम सूर्यघरच्या राष्ट्रीय पोर्टलवर महावितरणच्या १२ आकडी ग्राहक क्रमांकाने होतो. विक्रेता नोंदणीकृत हवा, पॅनेल भारतात बनवलेल्या सेलची हवीत, नाहीतर अनुदान नाही. १० किलोवॅटपर्यंतच्या अर्जाला आता वेगळ्या तांत्रिक तपासणीची वाट बघावी लागत नाही, २०२४ च्या नियमबदलाने तो मंजूर धरला जातो. बसवून झालं की नेट मीटर, तपासणी आणि मग अनुदान थेट बँक खात्यात. विक्रेत्याने ५ वर्षं देखभाल करणंही योजनेत बंधनकारक आहे.

गाडी अडते ती नावावर. पापडीसारख्या जुन्या गावात वीजबिल अजून आजोबांच्या नावावर, घर तीन भावांत वाटलेलं आणि गच्ची सगळ्यांची, हे चित्र नवीन नाही. बिल ज्याच्या नावावर, अर्ज त्याच्याच नावाने. त्यामुळे आधी महावितरणकडे नावबदल, आणि गच्ची सामायिक असेल तर बाकीच्या हिस्सेदारांची लेखी संमती. विक्रेत्याला ॲडव्हान्स देण्याआधी हे उरकावं, कारण यातला उशीर महिन्यांचा असू शकतो. फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांना गच्ची सोसायटीची असल्याने सोसायटीमार्फत जावं लागतं, तिथे लिफ्ट, पंप, जिन्यातले दिवे अशा सामायिक वापरासाठी किलोवॅटला १८ हजारांचं अनुदान आहे.

यंत्रणा सुरू करून द्यायला माणूस आला की त्याच्यासमोर घराचा मेन स्विच पाडून बघा. फ्रीज, पंखे, दिवे तसेच चालू राहिले तरच उरलेले पैसे द्या.