वाकस, रंधा आणि पटाशी

कृष्णा-पंचगंगेच्या संगमाजवळचे कुरुंदवाड १९४८ पर्यंत पटवर्धनांचे संस्थान होते. अशा गावांचा इतिहास वाडे आणि सनदा यांतून लिहिला जातो. सुताराच्या हत्यारांतून तो क्वचितच वाचला जातो. बलुतेदारीत सुतार नांगर, कुळव, तिफण घडवी आणि सुगीला धान्याचा वाटा घेई. वाकसाने तो लाकूड ताशी, रंध्याने गुळगुळीत करी, पटाशीने खाच पाडी. खंडेनवमीला हीच हत्यारे पूजेला मांडली जात.

शेजारच्या मिरजेत, तेही पटवर्धनांचेच संस्थान, १८५० च्या सुमारास फरीदसाहेब शिकलगार यांनी तंबोरे घडविण्यास आरंभ केला. शस्त्रांना धार लावणारे हात तूनच्या लाकडाकडे आणि भोपळ्याकडे वळले. २०२४ मध्ये मिरजेच्या सतार-तंबोऱ्यांना भौगोलिक मानांकन मिळाले. तलवारींचे दिवस सरले, पण कसब वापरात राहिले म्हणून टिकले.

पॉम्पेईत, इ.स. ७९ च्या राखेखाली, लोखंडी रंधे सापडले आहेत. प्रभू येशूने नांगर आणि जोखडे घडविली, असे दुसऱ्या शतकातील संत जस्टिन सांगतात. नाझरेथच्या आणि कृष्णाकाठच्या सुताराचे काम असे एकाच जातीचे होते. पोप बारावे पायस यांनी १९५५ मध्ये १ मे हा श्रमिक संत योसेफाचा सण ठरविला, तो याच श्रमाच्या सन्मानार्थ.

आज जुनी हत्यारे भंगारात वजनावर जातात. काही रसिक ती जमवून कपाटात मांडतात. तेवढ्याने ती वाचत नाहीत. गंज काढून, कुरुंदाच्या दगडावर धार लावून ती लाकडावर चालवावीत, आणि कुणा तरुणाच्या हाती द्यावीत.